इंदूरचा मे महिना आणि मोठा केलेला टर्बो : १.४ टी-जेटचे तिसरे सिलिंडर का गेले?

रामबागवाला
रविवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०११ ची फियाट लिनिया टी-जेट आहे. इंजिन १३६८ सीसीचे, कंपनीच्या कागदावर ११४ पीएस (अश्वशक्ती) आणि २०७ न्यूटन-मीटर टॉर्क. नव्वद हजार किलोमीटर झाल्यावर मूळ टर्बोच्या (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) शाफ्टला बोटाने हलवून जाणवेल इतका खेळ आला, सकाळी गाडी सुरू करताना निळा धूर दिसू लागला, आणि बदलायचाच आहे तर थोडा मोठा का बसवू नये, हा मोह मला आवरला नाही. जानेवारीत पुण्यातल्या एका ट्यूनरकडे गाडी नेली. मूळ टर्बोच्याच कवचात हवा दाबणारे मोठे कॉम्प्रेसर व्हील बसवलेला, बाजारात ज्याला हायब्रिड म्हणतात तो टर्बो, बंपरमागे टर्बोची तापलेली हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, टर्बोनंतरचा धुराचा जाड पाइप म्हणजे डाउनपाइप आणि एक बार बूस्टचा (टर्बोने वाढवलेल्या दाबाचा) रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या आकड्यांत बदल, इतके काम झाले. रात्री साडेदहाला, बाहेर बारा अंश तापमान असताना, टाकीत १०० ऑक्टेनचे पेट्रोल घालून डायनोवर (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) चाकांशी १३१ पीएस मिळाले. परत येताना मानपूरचा घाट गाडीने असा चढला की पुढच्या सीटवर बसलेल्या धाकट्या भावाने पोह्यांचा पुडा हातात घट्ट धरून ठेवला.

मे महिन्यात महेश्वरहून परतताना तोच घाट. गाडीत चार माणसे, एसी चालू, बाहेर बेचाळीस अंश, समोर ट्रकांची रांग आणि मी तिसऱ्या गिअरमध्ये जागा मिळेल तिथे ओव्हरटेक करत होतो. पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा आवाज थोडा वेळ येत राहिला. मला वाटले, डाउनपाइपवरचा उष्णतारोधक पत्रा सुटला असावा. महूला पोहोचेपर्यंत गाडी आयडलवर थरथरू लागली होती. दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेशन मोजले, तेव्हा पहिले, दुसरे आणि चौथे सिलिंडर १२ बारच्या आसपास भरले आणि तिसरे ८ बारवर थांबले. इंजिन पुन्हा बांधायचे आहेच. पण चूक टर्बोची, मॅपची, पेट्रोलची की माझी, हे कळल्याशिवाय नवा पिस्टन घालण्यात अर्थ वाटत नाही.


रतलाम_शेड_निवृत्त
रविवार, सकाळी १०:०२

रामबागवाले, प्लग टाकून दिले नसतील तर तिसऱ्या सिलिंडरचा प्लग उन्हात धरून, शक्य असल्यास भिंगाखाली पाहा. मधल्या पांढऱ्या चिनी मातीवर काय दिसते ते जसेच्या तसे लिहा. आपले अनुमान त्यात मिसळू नका.


रामबागवाला
रविवार, दुपारी १:२५

काका, प्लग ठेवले होते. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याची चिनी माती फिकट बिस्किटाच्या रंगाची आहे. तिसऱ्यावर खसखशीहून बारीक असे काळे-चंदेरी ठिपके विखुरलेले आहेत आणि ते नखाने खरवडून निघत नाहीत. हेड काल उघडले. पिस्टनचा माथा शाबूत आहे, पण बाहेर काढल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधला कडा, एक्झॉस्टच्या बाजूला, साधारण दीड सेंटीमीटर लांबीचा तुकडा होऊन हातात आला. वर्तमानपत्रावर ठेवला तर चंद्रकोरीसारखा दिसतो. बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) एक उभी रेघ आहे, ती खोल नाही.


रतलाम_शेड_निवृत्त
रविवार, दुपारी २:१०

मग शंका उरली नाही. ते चंदेरी ठिपके म्हणजे पिस्टनचेच ॲल्युमिनियम आहे. ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेटते, त्या धक्क्याने पिस्टनचे कण उडतात आणि गरम प्लगवर चिकटतात. रिंगमधला कडा हा पिस्टनचा सर्वांत नाजूक भाग असल्यामुळे तो आधी तुटतो. तुमचा पत्रा सुटला नव्हता, इंजिन ठोकत होते.

मी आयुष्य रतलामच्या डिझेल शेडमध्ये काढले. डब्ल्यूडीएम-२ या रेल्वेच्या गाडीइंजिनातले सोळा सिलिंडरचे ॲल्को इंजिन २६०० अश्वशक्तीचे, आणि त्याची ती शक्ती टर्बोमुळेच. १९०५ मध्ये आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने पेटंट घेतले तेव्हापासून कल्पना एकच आहे: वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यावे आणि सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबावी. मात्र कोंबलेली हवा तापते, म्हणून आमच्या इंजिनात टर्बोनंतर पाण्याने थंड होणारा आफ्टरकूलर असे, आणि तो आतून चोंदला की ड्रायव्हरची पहिली तक्रार येई, 'इंजन ओढत नाही.' तुमच्याकडे हवा थंड होत होती का, हे कुणीतरी आकड्यांत मांडायला हवे. ते माझे काम नाही, इथल्या शिकलेल्या मंडळींचे आहे.


क्षिप्रा_कॅलिब्रेशन
रविवार, रात्री ९:४०

काकांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. माझे माहेर इंदूरचे, नोकरी पुण्यात इंजिन कॅलिब्रेशनची, त्यामुळे दोन्ही गावांची हवा माझ्या परिचयाची आहे. एक शंका आधीच बाजूला काढते. पुणे आणि इंदूर दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहेत आणि दोन्हीकडे हवेचा दाब सुमारे ०.९५ बार असतो, म्हणून उंचीचा दोष इथे लागू होत नाही.

आता हिशेब. १.३६८ लिटरचे चार स्ट्रोकचे इंजिन ५५०० आरपीएमला मिनिटाला ३७६२ लिटर हवा ओढू शकते, आणि सिलिंडर नव्वद टक्के भरतात असे धरले तर सुमारे ३.३९ घनमीटर. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) एक बार बूस्ट म्हणजे निरपेक्ष दाब १.९५ बार. पण कॉम्प्रेसरला त्याहून जास्त कष्ट पडतात, कारण इंटरकूलर आणि पाइपांत साधारण ०.१ बार खर्च होतो आणि एअर फिल्टर आत येतानाच ०.०३ बार खातो. म्हणून कॉम्प्रेसरचे दाबगुणोत्तर २.०५ भागिले ०.९२, म्हणजे २.२३ येते. 'एक बार म्हणजे दुप्पट' असे तोंडी समीकरण बाजारात चालते, कॉम्प्रेसरच्या नकाशावर (दाब आणि हवेच्या प्रवाहाच्या आलेखावर) ते चालत नाही.

कॉम्प्रेसर सत्तर टक्के कार्यक्षमतेवर चालला तर या गुणोत्तराला आत येणाऱ्या हवेचे निरपेक्ष तापमान ३६ टक्क्यांनी वाढते. जानेवारीच्या त्या रात्री हवा बारा अंशांची होती, ती कॉम्प्रेसरमधून ११६ अंशांची होऊन बाहेर पडली असेल, आणि सत्तर टक्के परिणामकारक इंटरकूलरने ती ४३ अंशांवर आणली असेल. मे महिन्यात बॉनेटखालून ओढलेली हवा ४५ अंशांची धरली तर कॉम्प्रेसरनंतर ती १६१ अंशांची होते आणि त्याच इंटरकूलरनंतर ७८ अंशांवर येते. ट्रकामागे तिसऱ्या गिअरमध्ये इंटरकूलरवर वाराच पुरेसा पडत नाही, त्याची परिणामकारकता साठ टक्क्यांवर घसरली तर मॅनिफोल्डमध्ये ९० अंशांची हवा जाते. बूस्टचा काटा मात्र दोन्ही वेळी इमानदारीने एक बारच दाखवतो.

रामबागवाले, आपल्याकडे त्या दिवसाचा काही लॉग आहे का?


रामबागवाला
रविवार, रात्री १०:५५

ताई, लॉग होता आणि मी तो पाहिला नाही, हे कबूल करायला लाज वाटते. गाडीच्या संगणकातले आकडे वाचायच्या ओबीडी सॉकेटला ब्लूटूथ डाँगल कायम लावलेला असतो आणि फोनमध्ये फाइल आपोआप साठते. आत्ता उघडली. घाटात ४२०० आरपीएमला बूस्ट १.०१ बार, मॅनिफोल्डमधल्या हवेचे तापमान ८८ अंश आणि इग्निशन टायमिंग (पिस्टन माथ्यावर येण्याआधी ठिणगी किती अंश उडते ते) ४ अंश आहे. जानेवारीत डायनोवरच्या फाइलमध्ये त्याच आरपीएमला तापमान ४४ आणि टायमिंग १३ अंश आहे. डायनोवरची धाव अकरा सेकंदांत संपली आहे, घाटातली नोंद मधले दोन छोटे थांबे सोडले तर चार मिनिटांची आहे.


क्षिप्रा_कॅलिब्रेशन
सोमवार, सकाळी ७:१५

अकरा सेकंद आणि चार मिनिटे, आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांश याच दोन आकड्यांत आहे. अकरा सेकंदांत इंटरकूलरचे ॲल्युमिनियम स्वतःच उष्णता पिऊन टाकते, त्याला वाऱ्याची गरजच पडत नाही, आणि ट्यूनरला वाटते की मॅप सुरक्षित आहे. चार मिनिटांत ते ॲल्युमिनियम तापून निघते आणि पुढे जे काही थंड होते ते फक्त वाऱ्याच्या भरवशावर.

४४ अंशांवरून ८८ अंशांवर गेलेली हवा विरळ होते. त्याच दाबाला सुमारे बारा टक्के हवा कमी जाते. ढोबळ हिशेब असा की पेट्रोल इंजिनात मिनिटाला एक किलो हवा म्हणजे साधारण २२ पीएस, तेव्हा क्रँकशी १६० च्या आसपास असलेली शक्ती ५५०० आरपीएमला नुसत्या उष्णतेने १४० वर येते. ती कमी झाली असती तरी चालले असते. ती हवा जास्त सहज पेटते, हे खरे संकट आहे. ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) ठोका ओळखणारा नॉक सेन्सर ऐकून टायमिंग नऊ अंश मागे घेतले, म्हणजे त्याने आपले काम केले, पण मागे घेण्यालाही मर्यादा ठरवलेली असते आणि आपण तिच्यापर्यंत पोहोचला असाल. शिवाय टायमिंग मागे गेले की इंधन उशिरा जळते, एक्झॉस्ट आणखी तापतो, टर्बो आणि बॉनेटखालचा भाग आणखी तापतो आणि फिल्टर तीच हवा पुन्हा ओढतो.

हायब्रिड टर्बोबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण इथे अनेकांच्या मनात तो घेण्याचा विचार असेल. कॉम्प्रेसर व्हील मोठे केले, पण टर्बाइन (धुराने फिरणारे चाक) आणि तिचे कवच मूळचे, छोटेच राहिले. धूर बाहेर पडायला वाट तीच, हवा मात्र जास्त. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब बूस्टच्या दीडपट-दुप्पट होऊ शकतो, आणि मग एक्झॉस्ट स्ट्रोकनंतर जळका, तप्त वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो व पुढच्या ताज्या मिश्रणाला तापवतो. म्हणूनच वरच्या आरपीएमला हायब्रिडकडून पूर्ण बूस्ट मागू नये. युरोपात ॲबार्थने (फियाटच्या वेगवान गाड्यांच्या शाखेने) याच १.४ इंजिनातून १६० ते १८० अश्वशक्ती काढली, पण ५९५ कॉम्पेटिझिओने या गाडीवर त्यांनी गॅरेट कंपनीचा १४४६ टर्बो बसवला, मूळ टर्बोला फुगवले नाही.


विजयनगर_टीएसआय
सोमवार, दुपारी १२:३०

माझ्या पोलो जीटी टीएसआयमध्ये १.२ चे इंजिन आहे, १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर. मला टर्बो वगैरे काही उघडायचे नाही. सेन्सरच्या वायरमध्ये बसणारा एक ट्यूनिंग बॉक्स मिळतो आणि विक्रेता म्हणतो की अर्ध्या तासात पंचवीस पीएस वाढतील. तो बॉक्स काढला की कुणाला कळतही नाही. त्यात वाईट काय आहे? आणि लिनियावाले, नॅट्रॅक्स हे वाहन चाचणी केंद्र आपल्या पीथमपूरलाच आहे, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक, तिथे का तपासत नाही?


क्षिप्रा_कॅलिब्रेशन
सोमवार, रात्री ८:२०

नॅट्रॅक्सचा तो ट्रॅक २०२१ मध्ये खुला झाला तो वाहन कंपन्यांच्या चाचण्यांसाठी. शिवाय हायस्पीड ट्रॅकवर ताशी दोनशेचा वारा मिळेल, मानपूरच्या ट्रकामागची गुदमर मिळणार नाही. आपल्या प्रश्नाची चाचणी घाटातच होते.

बॉक्सविषयी. तो ईसीयूशी खोटे बोलतो, एवढेच त्याचे काम. मॅनिफोल्डमधला दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचे तो सांगतो आणि बिचारा ईसीयू वेस्टगेट (जास्तीच्या धुराला टर्बोबाहेरून सोडणारे दार) बंद ठेवून बूस्ट वाढवतो. पण इंधन आणि टायमिंग ज्या आकड्यांवरून ठरते तेही दाबाचेच आकडे असल्याने तिथेही चुकीचा हिशेब जातो. रीमॅपमध्ये निदान सगळे आकडे एकमेकांशी जुळवून लिहिता येतात. आपले इंजिन थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारे आहे, त्यात आणखी एक धोका आहे: कमी आरपीएमला जास्त बूस्ट दिला तर ठिणगीच्याही आधी पेट घेणारे, अतिशय हिंस्र असे पूर्वप्रज्वलन होऊ शकते, ज्यात ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त घटकांचाही हात असतो. म्हणून अशा इंजिनांना एपीआय एसपी दर्जाचे ऑइल घालावे आणि १५०० आरपीएमला पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये पॅडल जमिनीला टेकवू नये. आणि आपला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स) २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे, हा आकडा ध्यानात ठेवून मगच विक्रेत्याशी बोलावे.


बडोद्याचा_डिझेलवाला
सोमवार, रात्री ९:०५

विषय पेट्रोलचा आहे, पण राहवत नाही. माझ्या १.३ डिझेल हॅचबॅकचे इंजिन ७५ पीएसचे आहे आणि ९० पीएसच्या त्याच इंजिनाचा व्हीजीटी टर्बो इथे मकरपुऱ्यातल्या एका ओळखीच्याकडे जुन्या मालात पडला आहे. बसेल का?


रतलाम_शेड_निवृत्त
सोमवार, रात्री ९:५०

बसवणारा बसवून देईल, पण चालेल का हा वेगळा प्रश्न. व्हीजीटीमध्ये टर्बाइनभोवतीच्या पात्यांचा कोन सतत बदलावा लागतो आणि तो बदलणारा आदेश तुमच्या ईसीयूच्या पोथीत लिहिलेलाच नाही. पाती बंद राहिली तर टर्बो अतिवेगाने फिरून फुटेल, उघडी राहिली तर गाडी आत्ताच्याहून मंद होईल. मॅनिफोल्ड, व्हॅक्यूमची जोडणी, वायरिंग आणि ईसीयू असा सगळा संच मिळत असेल तरच विचार करा. डिझेल ठोकून मरत नाही, ती जास्त इंधनाने तापून मरते, तेव्हा मागून काळा धूर निघाला म्हणजे ताकद वाढली असे समजणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी देऊ नका.

रामबागवाल्यांसाठी थोडे. मूळ टर्बो नव्वद हजारांत का गेला, याचा विचार झालेला दिसत नाही. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्याही पुढे जातो आणि तो ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. घाट चढून आल्याबरोबर चावी फिरवून इंजिन बंद केले की बेअरिंगमध्ये अडकलेले ऑइल तिथेच जळून कोळसा होते. नवा टर्बो बसवताना जुना ऑइल पाइप पुन्हा लावला असेल तर तो कापून आतून पाहा. परत जाणारा ऑइलचा पाइप शक्य तितका सरळ खाली उतरला पाहिजे, कारण तिथे ऑइल दाबाने जात नाही, स्वतःच्या वजनाने उतरते. पाइपला पोट आले की ऑइल तुंबते, सीलमधून निसटते आणि मालक म्हणतो, टर्बो खराब निघाला. पहिल्यांदा सुरू करण्याआधी इंजेक्टरचे कनेक्टर काढून स्टार्टरवर इंजिन फिरवा आणि परतीच्या पाइपातून ऑइल आलेले डोळ्यांनी पाहा.


रामबागवाला
मंगळवार, सकाळी ८:००

काका, पाइप जुनाच होता. काल लोखंडी करवतीने मधोमध कापला. बाहेरून व्यवस्थित दिसणाऱ्या त्या नळीत टर्बोच्या टोकाकडे काळी, कडक खपली बसली होती आणि उरलेल्या भोकातून माचिसची काडीसुद्धा अडखळत जात होती. नवा टर्बोही त्यामुळे पाच महिने अर्धपोटी राहिला असणार.


सराफ्याचा_खवय्या
मंगळवार, दुपारी ३:४०

पेट्रोलवर कुणी बोलत नाही. मॅप १०० ऑक्टेनवर लिहिला आणि इंदूरमध्ये पंपावर मिळेल ते वीस टक्के इथेनॉलचे घातले, मग दोष त्या इथेनॉलचाच नाही का?


क्षिप्रा_कॅलिब्रेशन
मंगळवार, रात्री १०:१०

अर्धा दोष आहे, पण लोक समजतात तो नाही. इथेनॉल स्वतः न ठोकणारे इंधन आहे. वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ च्या घरात येतो, जुन्या साध्या ९१ पेक्षा ते नक्कीच बरे, आणि बाष्प होताना इथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेते, हाही टर्बोला फायदाच. पण १०० वर ताणून लिहिलेला मॅप ९५ ला क्षमा करत नाही. दुसरी बाजू प्रमाणाची आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी १४.७ पट हवा लागते, वीस टक्के मिश्रणाला साधारण १३.५ पट. हलक्या पॅडलवर ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो. पूर्ण पॅडलवर ईसीयू लिहिलेल्या आकड्यांवर चालतो, आणि मॅप शुद्ध पेट्रोलवर बेतलेला असेल तर नेमक्या त्याच वेळी मिश्रण सात-आठ टक्के कोरडे (कमी इंधनाचे) पडते.

इंजेक्टरचाही हिशेब लिहून ठेवते. मिनिटाला ७.१ किलो हवा आणि लॅम्डा ०.८० (पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेच्या ऐंशी टक्केच हवा) धरला, तर शुद्ध पेट्रोलसाठी चारही इंजेक्टरना मिळून मिनिटाला सुमारे ८१० मिलिलिटर द्यावे लागते. ८५ टक्क्यांहून जास्त वेळ इंजेक्टर उघडा ठेवायचा नाही हे पथ्य पाळले तर प्रत्येकी २४० सीसीचा इंजेक्टर हवा. इथेनॉल मिश्रणासाठी तोच आकडा २६० वर जातो. आपले इंजेक्टर काढलेलेच आहेत, बेंचवर त्यांचा प्रवाह मोजून घ्या. ट्यूनरशी बोलताना हवा-इंधन गुणोत्तराऐवजी लॅम्डात बोला, म्हणजे कोणते पेट्रोल हा वाद उरत नाही.

प्लग एक क्रमांक थंड घ्या आणि फट ०.७ मिलिमीटरच्या वर ठेवू नका, कारण दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला कॉइलला जास्त व्होल्टेज लागते. टॉर्कबद्दल एक निरीक्षण मांडते. भारतातल्या ॲबार्थ पुंटोला याच इंजिनातून १४५ पीएस दिले होते, लिनियापेक्षा ३१ ने जास्त, पण टॉर्क २१२ न्यूटन-मीटर, म्हणजे फक्त ५ ने जास्त. त्यांनी मधल्या आरपीएमला जोर वाढवला नाही, वरच्या आरपीएमला बूस्ट टिकवला. यात मला क्लच आणि गिअरबॉक्सची काळजी दिसते. आपल्या डायनोच्या कागदावर टॉर्कचा शेंडा किती होता?


रामबागवाला
मंगळवार, रात्री १०:४८

३००० आरपीएमला क्रँकशी २५२ न्यूटन-मीटर, असे ट्यूनरने पेनाने लिहून दिले आहे, खाली दुहेरी रेघ मारून. क्लचचा वास मला मार्चपासून अधूनमधून येत होता.


काळा_कोट_इंदूर
बुधवार, सकाळी ११:१५

रंगाचा बेरंग करतो, पण कुणीतरी हे लिहायला हवे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ च्या पोटकलम ४ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. त्या जाड डाउनपाइपमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला असेल तर प्रदूषणाचा मुद्दा वेगळा. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी तो कागद तुमच्याविरुद्ध उभा राहील. कन्व्हर्टरचे तरी आधी बघा.


रामबागवाला
शुक्रवार, रात्री ९:३०

कन्व्हर्टर काढला होता. ट्यूनरने तो मला गोणपाटात गुंडाळून परत दिला होता, म्हणून माळ्यावर सापडला. तो पुन्हा बसवतो आहे आणि विमा कंपनीला पत्र लिहिले आहे, पुढे जे होईल ते होईल.

बाकीचे असे ठरवले आहे. तिसरा पिस्टन एकटा न बदलता चारही बदलायचे, बोअरला होनिंग (आतून घासणी) करून घ्यायचे. ऑइलचे दोन्ही पाइप नवे. इंटरकूलर तोच ठेवतो, कारण काल बंपर काढून पाहिला तर त्याच्या चारही बाजूंनी बोटे जातील इतक्या फटी होत्या आणि वारा त्याच्यातून जाण्याऐवजी त्याला वळसा घालून जात होता. पत्रेवाल्याकडून ॲल्युमिनियमचा पत्रा कापून आणला आहे, त्याच्या कडेला फोम लावून बंपरच्या तोंडापासून इंटरकूलरपर्यंत बंदिस्त बोगदा करतो. एअर फिल्टरची नळीही बॉनेटखालून काढून पुढच्या जाळीजवळ आणतो.


क्षिप्रा_कॅलिब्रेशन
शनिवार, सकाळी ६:५०

उत्तम. मॅपसाठी माझी सूचना अशी की ३००० आरपीएमला बूस्ट ०.८ बारवर थोपवावा आणि ५००० च्या पुढे तो ०.७५ वर हळूहळू उतरू द्यावा. मॅनिफोल्डमधले तापमान ५५ अंशांच्या वर गेले की दर दहा अंशांमागे बूस्ट आणि टायमिंग दोन्ही कमी करणारा तक्ता त्यात नीट भरलेला असावा. हा तक्ता मूळ ईसीयूत असतोच, पण घाईचा ट्यूनर डायनोवर आकडा यावा म्हणून तो सपाट करून टाकतो. आपल्या जुन्या फाइलमध्ये तसे केले आहे का ते विचारा. डायनोवरही एक धाव पुरेशी नाही. पंखा मंद ठेवून, ठरावीक आरपीएमला तीन मिनिटे भार धरून ठेवायला सांगा आणि तापमान कुठे स्थिरावते ते पाहा.


रामबागवाला
अकरा महिन्यांनंतर, रविवार, सायंकाळी ७:२०

धागा वर आणतो आहे. इंजिन सप्टेंबरात बांधून झाले. जुन्या फाइलमध्ये तापमानाचा तक्ता खरोखरच सपाट होता, ५५ अंश असोत वा ९५, सगळीकडे शून्य. नव्या मॅपवर चाकांशी ११८ पीएस मिळतात, टॉर्कचा शेंडा क्रँकशी २१५ न्यूटन-मीटर आहे.

आज पुन्हा महेश्वरहून आलो. गाडीत तीच चार माणसे, एसी चालू, दुपारी अडीच, बाहेर एक्केचाळीस अंश आणि मानपूरच्या घाटात नेहमीप्रमाणे ट्रक. चढून आल्यावर झाडाखाली गाडी थांबवली, काकांच्या आज्ञेप्रमाणे दोन मिनिटे इंजिन आयडलवर ठेवले आणि फाइल उघडली. ४२०० आरपीएमला बूस्ट ०.७१ बार, मॅनिफोल्डमधले तापमान ६१ अंश, टायमिंग ११ अंश आणि मागे घेतलेले अंश शून्य. सौ. मागून म्हणाल्या, गेल्या वर्षी गाडी जास्त पळत होती. मी त्यांना तिसऱ्या पिस्टनची ती चंद्रकोर दाखवली, ती अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेली असते.